खांद्यावर दोन थापा

कीर्तनकार रंजिताताईंनी उजवा हात वर केला आणि गजर जागच्या जागी थांबला. मृदंग थांबला, पेटी थांबली, मागे दोन ओळींत उभे असलेले टाळकरी थांबले. मांडवात एवढी शांतता झाली की मागच्या बाजूला बुंदीचा झारा कढईच्या काठावर आपटला तोसुद्धा ऐकू आला. आणि त्या शांततेत एकच टाळ वाजत राहिला. अगदी ठेक्यात, तसूभरही न चुकता.

तो मोतीलालभाऊंचा होता. पहिल्या ओळीत, उजव्या टोकाला, डोळे मिटून ते डोलत होते. समुद्रपूरकडच्या त्या गावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला, ती जागा दरसाल त्यांचीच असे. डोळे मिटून टाळ धरणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. बाकीचे कीर्तनकाराच्या हाताकडे बघत वाजवतात, मोतीलालभाऊ कानाने वाजवतात, असं लोक म्हणत.

रंजिताताई वयाने लहान, पण कीर्तनात मुरलेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्या हसून म्हणाल्या, "राहू द्या. आपन अठीच थांबलो, भाऊ देवापाशी पोचले. वापस यायले वेळ लागनच नं."

मांडव हसला. हसण्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. शेजारच्या टाळकऱ्याने कोपराने हलकेच ढोसलं, तेव्हा मोतीलालभाऊंनी डोळे उघडले, सगळे हसताहेत असं पाहिलं आणि तेही हसले.

बायकांमध्ये पुढे बसलेल्या देवकाबाईंनी ते हसणं पाहिलं. माणसाला हसण्याचं कारण कळलेलं असलं की आधी डोळे हसतात, मग तोंड. त्यांच्या नवऱ्याचं तोंड हसत होतं आणि डोळे मांडवभर कारण शोधत फिरत होते.

देवकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि पुढचं कीर्तन ऐकलं, पण त्यातलं काय ऐकलं हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं.

महाप्रसाद झाल्यावर दोघं गाडीपाशी आली. आता ही गाडी काय चीज होती ते सांगायला हवं. हिंगणघाटातल्या एका कापड गिरणीच्या मालकाच्या मुलाने हौसेने आणलेली ती विलायती गाडी, दोन सीटांची, मागे दुमडणाऱ्या कापडी टपाची, शर्यतीतल्यासारखं लांब नाक असलेली. गिरणी बंद पडली तेव्हा मोतीलालभाऊ तिथल्या गोदामातली सरकी घ्यायला गेले. सरकी-ढेपेचा त्यांचा धंदा. संध्याकाळी सरकीच्या बैलबंड्या घरी आल्या आणि त्यांच्या मागून भाऊ ही गाडी हाकत आले. आई दारातच म्हणाली होती, पोराला सरकी आणायला धाडलं होतं की वरातीला? त्या वेळी गाडी लालभडक होती. आता तिचा रंग वाळल्या मिरचीसारखा झाला होता आणि जिल्ह्यातल्या सप्ताहांच्या गावांत तिला मिरचीच म्हणत. वेशीवर तिचा आवाज आला की पोरं ओरडत, मिरची आली, म्हणजे कीर्तनाला मोतीलालभाऊ आणि देवकाबाई आले.

दुकान मुलाच्या, धीरजच्या हाती दिल्यापासून दर माघात दोघांचा हा दौरा ठरलेला. या गावचा काला, त्या गावचं कीर्तन, मधे कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळाच्या धर्मशाळेत मुक्काम. बॅगा दोन, पाण्याची कळशी एक आणि टाळांची पिशवी. धीरजने नवी बंद गाडी घेतली तेव्हापासून तो मागे लागला होता, ती घेऊन जा, गारवा आहे, धूळ नाही, आईची कंबर सांभाळली जाईल. मोतीलालभाऊ ऐकत नव्हते. बंद डब्यात बसून देव भेटत नसतो, एवढंच त्यांचं उत्तर. देवकाबाईंनाही त्यांचा हा हट्ट पटायचा नाही. खरं तर या वेळी निघताना त्यांनी धीरजला शब्द दिला होता की हा शेवटचा दौरा, नंतर बाबूजींना मी समजावते. नागपूरचा एक हॉटेलवाला जुनी गाडी आपल्या फाटकाशी शोभेला ठेवायला मागत होता.

मिरची सुरू झाली की तिच्यात बोलणं अशक्य. इंजिन फाटक्या नगाऱ्यासारखं वाजे, टप कधीचा फाटून गेलेला, वारा थेट कानात शिरे. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच दोघांची एक भाषा ठरून गेली होती. गुडघ्यावर एक थाप म्हणजे सावकाश. पाठीवरून हात फिरला म्हणजे मागून मोठी गाडी येते आहे, बाजू द्या. डाव्या खांद्यावर दोन थापा म्हणजे थांबा. या भाषेत त्यांनी निम्मा जिल्हा पालथा घातला होता. तरुणपणी गावकरी म्हणत, पहा, मोतीलालची बायको चारचौघांत नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवते.

जाम गावाच्या फाट्यावर देवकाबाईंनी दोन थापा दिल्या. गाडी टपरीवजा हॉटेलासमोर उभी राहिली, इंजिन बंद झालं. आलूबोंडे आले, वर तर्री ओतलेली. हैदराबादकडून येणारे ट्रक एकामागून एक नागपूरकडे चालले होते. एका ट्रकवाल्याने अगदी पाठीशी येऊन असा भोंगा वाजवला की बाकावरची माणसं दचकून वळली, चहावाल्याच्या हातून गाळणी पडली. मोतीलालभाऊ बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

देवकाबाईंनी आलूबोंडा खाली ठेवला. भाऊ समोर रस्त्याकडे बघत असताना, रोजच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "मी मेली का या शीटवर कोन बसन?"

कानांपर्यंत काहीतरी पोचलं असावं, की कुणी बोललं. शब्द पोचले नव्हते. मोतीलालभाऊंनी सवयीने मान हलवली.

"हाव, पुढं पाहू," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

 देवकाबाई मागची वर्षं एकेक करून उलटी फिरवू लागल्या. मूठभर सरकी कानाशी हलवून ओली की वाळली ते सांगणारा हा माणूस. एके दिवशी गल्ल्यावरून उठला आणि धीरजला म्हणाला, आता तुमचं राज्य. गावाने त्याला वैराग्य म्हटलं. एका बुवांनी तर कीर्तनात दाखला दिला, भरल्या दुकानातून उठून जावं तर मोतीलालसारखं. फोन वाजला की हा माणूस तो बायकोच्या हातात देई. सून आचल म्हणायची, बाबूजी आजकाल किती शांत झाले. नातवाच्या बारशाला सगळे हसले तेव्हा हेही हसले होते, जसे आज मांडवात हसले.

आणि मिरची. ही गाडी भाऊंना कशासाठी हवी होती, ते देवकाबाईंना जामच्या त्या बाकावर कळलं. धीरजच्या गाडीत काचा वर केल्या की सुई पडली तरी ऐकू यावी. तिथे बायको बोलली असती, मुलगा बोलला असता, उत्तरं द्यावी लागली असती. मिरचीत बसलं की सगळेच बहिरे. तिथे त्यांच्यात आणि जगात काही फरक उरत नव्हता.

तेवढ्यात धीरजचा फोन आला. हॉटेलवाला रविवारी गाडी बघायला येतो म्हणतो, बाबूजींना सांगितलं का? देवकाबाई म्हणाल्या, पाहू. मग मोतीलालभाऊंनी नुसतीच भुवई उडवून कुणाचा म्हणून विचारलं आणि देवकाबाईंनी धीरजचा, असं हाताने सांगितलं. भाऊंना त्यात वेगळं काही वाटलं नाही. वेगळं देवकाबाईंना वाटलं. आपणही हाताने किती बोलतो, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

वर्ध्याला बहिणीकडे रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी ते सेलूच्या अलीकडच्या गावात पोचले. दौऱ्यातलं हे शेवटचं गाव. एके काळी इथे चहूकडे केळीच्या बागा होत्या, आता वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. सप्ताहाचं सगळं मनोहररावांकडे. ते भाजीपाल्याचे बागाईतदार, सेलूच्या बाजारात त्यांच्या वांग्यांना नाव होतं आणि काल्याच्या पंगतीची भाजी त्यांच्याच मळ्यातली. कीर्तनही पुन्हा रंजिताताईंचंच. मनोहररावांनी दोघांचं पायावर पाणी घालून स्वागत केलं आणि म्हणाले की पहिल्या ओळीतली जागा ठेवली आहे. समुद्रपूरकडची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचली होती. भाऊंची समाधी लागली होती म्हणे, असं ते कौतुकाने म्हणाले.

एकदा लागते ती समाधी. उद्या पुन्हा ताईंचा हात वर होईल, पुन्हा एकच टाळ वाजत राहील, आणि परवापर्यंत पंचक्रोशीला त्याचं खरं नाव कळलेलं असेल. देवकाबाईंना हे लख्ख दिसत होतं. कानाने वाजवणारा माणूस, एवढी एकच ख्याती त्यांच्या नवऱ्याने आयुष्यात कमावली होती.

संध्याकाळी बायकांबरोबर सांबार निवडता निवडता त्या उठल्या आणि मनोहररावांना बाजूला घेतलं.

"उद्याच्या काल्याले वीना याइच्याकडे द्या."

मनोहरराव बघतच राहिले. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारे लावून एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. लोक वीणेकऱ्याच्या पाया पडतात, पण नुसती तार छेडत उभं राहणं मुरलेल्या टाळकऱ्यांना कमीपणाचं वाटतं. "भाऊकडे? थे त वीन्याले खांब म्हन्ते. मागच्या साली माह्याच तोंडावर म्हनले, ज्याले टाळ जमत नाई त्याले खांब करून उभं करा."

"मी बोलली होती देवाले."

"काय बोलल्या होत्या?"

"थे सांगत नसते."

नवस म्हटल्यावर मनोहररावांचा नाइलाज झाला. देवकाबाई तडक देवळात गेल्या. नवस आधी सांगून झाला होता, आता तो बोलून घेणं भाग होतं, नाहीतर देवाच्या दारी खोटं बोलल्यासारखं झालं असतं. त्यांना जे सगळ्यात आवडायचं ते त्यांनी सोडलं. विठोबासमोर हात जोडून त्या मनात म्हणाल्या, उद्याचा दिवस याची लाज राख, मी जन्मभर वांगं खाणार नाही. मग बाहेर येऊन पुन्हा सांबार निवडायला बसल्या. समोर टोपलीभर वांगी, काटेरी देठांची, जांभळी, कोवळी. त्यांनी नजर वळवली.

सकाळी मोतीलालभाऊ मिरचीचं नाक उघडून तेल बघत होते. मनोहरराव आले आणि म्हणाले की भाऊ, आज वीणा तुमच्याकडे. भाऊंनी वर न बघता मान हलवली, "हाव, हाव."

इतक्या सहज होकार येईल असं मनोहररावांना वाटलं नव्हतं. ते खुशीत निघून गेले. देवकाबाई सीटवर बसल्या होत्या. त्यांना वाटलं असतं तर त्या गप्प बसू शकल्या असत्या. भरल्या मांडवात लोकांसमोर वीणा गळ्यात पडला असता आणि काम झालं असतं. पण नवऱ्याला असं फसवून देवापुढे उभं करणं त्यांच्याने होईना. त्या उतरल्या, वळसा घालून त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंड दिसेल असं सावकाश बोलल्या.

"तुमी आता कायले हाव म्हनलं, मालूम हाये का?"

मोतीलालभाऊ त्यांच्या ओठांकडे बघत होते.  मग त्यांनी हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनीच नाई."

"धीरजले मालूम हाये?"

देवकाबाईंनी मान हलवली, नाही. मोतीलालभाऊंनी गाडीचं नाक लावलं, त्यावर तळहात टेकला. पुढे ते बोलले ते नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, स्वतःचा आवाज न ऐकू येणाऱ्या माणसासारखं. देवकाबाईंनी आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं.

"टाळ मले हातात समजते. मृदंग पायात समजते, मांडवाच्या जमिनीतून. चालू हाये तोवर सगळं समजते. बंद झालेलं समजत नाई."

"डोळे उघडे ठेवा नं मंग."

"सारी जिंदगी मिटून वाजोलं. आता उघडले त लोकं विचारतीन काऊन उघडले."

हे खरं होतं. देवकाबाईंनी मग वीणा सांगितला. भाऊंच्या चेहऱ्यावर नापसंती उमटली ती त्यांना अपेक्षित होतीच. खांब, असं ते पुटपुटलेसुद्धा. त्यांना बोलू देऊन देवकाबाई म्हणाल्या, "टाळ थांबा लागते. वीना थांबत नाई. ज्याच्या गळ्यात वीना हाये त्याच्याशी कोनी बोलत नाई, त्याले कोनी काई विचारत नाई. फक्त पाया पडते."

 मोतीलालभाऊंनी गाडीतून टाळांची पिशवी काढली, टाळ बाहेर काढून त्यांची दोरी नीट गुंडाळली, पुन्हा पिशवीत घातले आणि पिशवी बायकोच्या हातात दिली. मग हात धुवायला विहिरीकडे गेले.

ते परत येईपर्यंत देवकाबाईंनी धीरजला फोन लावला. गाडी द्यायची नाही, असं सांगितलं. धीरज चक्रावला. बाबूजी अडून बसले का, असं विचारू लागला.

"त्याइचं नाव नको घेऊ. मले पायजे थे गाडी."

"आई, तूच त म्हनत होती कंबर दुखते."

"दुखू दे," देवकाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कीर्तनाला मांडव भरला. पहिल्या ओळीच्या उजव्या टोकाची जागा एका भजनी मंडळाच्या माणसाने घेतली. आदल्या पहाऱ्याच्या वीणेकऱ्याने वीणा उतरवला, दोघं एकमेकांच्या पाया पडले, छातीला छाती लागली आणि वीणा मोतीलालभाऊंच्या गळ्यात आला. रंजिताताईंच्या अगदी मागे ते उभे राहिले. चेहऱ्यावर अजून रुसवा होता. उजव्या बोटाने त्यांनी तार छेडली, एकदा, दोनदा, कामगाराने कामाला हात घालावा तशी.

मग त्यांचं बोट जरा थबकलं. वीण्याचा भोपळा पोटाशी टेकला होता, दांडी खांद्यावरून वर गेली होती. त्यांनी पुन्हा तार छेडली आणि मान वळवून दांडीला जबडा टेकवला. देवकाबाई समोरून बघत होत्या. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. सकाळी थंडीत मिरची सुरू होत नसे, मग एकदम इंजिन धरायचं आणि भाऊ स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही तळहात टेकून बसायचे, तेव्हाचा. तार हाडातून आत गेली होती. त्यांनी डोळे मिटले.

रंजिताताईंचं कीर्तन त्या दिवशी रंगलं. गवळणी झाल्या, पेंद्याचं बोबडं बोलणं झालं, म्हाताऱ्यासुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या. गजर टिपेला गेला आणि ताईंचा उजवा हात वर झाला. देवकाबाईंची बोटं मांडीवरच्या टाळांच्या पिशवीवर घट्ट झाली. मृदंग थांबला, पेटी थांबली, टाळ थांबले. शांततेत वीण्याची तार तेवढी वाजत राहिली, जशी ती वाजत राहायचीच असते. कुणी वळून पाहिलं नाही.

हंडी फुटली. दह्यात कालवलेल्या लाह्या मांडवभर उडाल्या, पोरांनी झेलल्या, बायकांनी पदरात घेतल्या. हळूहळू मांडव मोकळा झाला आणि पंगती बसू लागल्या. वाढणारा वांग्याची भाजी घेऊन आला तेव्हा देवकाबाईंनी पानावर हात आडवा धरला. मनोहरराव लांबून म्हणाले की बाई, माझ्या मळ्यातली आहेत. आज वरण-भातच, असं त्या म्हणाल्या, आणि दोन घास खाऊन उठल्या.

वीणा देवाच्या पायाशी ठेवल्याशिवाय सप्ताह उतरत नाही. मनोहरराव हार आणि बुक्का घेऊन मोतीलालभाऊंपासून चार हातांवर उभे होते. भाऊंचे डोळे मिटलेले, जबडा दांडीला, बोट तारेवर. येणारी-जाणारी माणसं वाकून त्यांच्या पायांना हात लावून पुढे जात होती. मनोहररावांनी एकदा हलकेच भाऊ म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा देवकाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

त्या मांडवात गेल्या आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या, गाडीत बसायच्या त्याच बाजूला. हात वर नेला आणि तसाच ठेवला. तार वाजत होती. त्यांनी ती आणखी थोडी वाजू दिली. मग खांद्यावर दोन थापा दिल्या.

मोतीलालभाऊंचं बोट थांबलं. डोळे त्यांनी लगेच उघडले नाहीत. फक्त उजवा पाय जरासा पुढे सरकला, आणि ब्रेकवर दाबावा तसा त्यांनी तो सावकाश जमिनीवर दाबला.